सिव्हिल वॉर लढून आलेल्या मिडवेस्टच्या शेतकऱ्याचं आयुष्य कागदांतून कसं उभं करायचं

आयोवा नाहीतर इलिनॉय, म्हणजे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांतला एखादा साधा शेतकरी घ्या, सिव्हिल वॉर म्हणजे उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं यांच्यातलं यादवी युद्ध चालू असताना १८६२ ला उत्तरेच्या फौजेत भरती झाला, १८६५ ला जिवंत घरी आला आणि पुढची चाळीस वर्षं मका लावला, डुकरं पाळली, मेला. इतिहासाच्या पुस्तकात हा माणूस कुठंच नसतो. पण अमेरिकन सरकारच्या दप्तरात त्याच्या एकट्याच्या नावावर शंभरेक पानं सहज निघू शकतात, आणि त्यातलं बरंच काही घरबसल्या फुकटात बघता येतं. कुणाला गोष्टीसाठी पात्र हवं असतं, कुणाच्या अमेरिकन सुनेला तिच्या खापरपणजोबांचं कोडं सोडवायचं असतं, कुणाला नुसताच किडा असतो. तिघांनाही रस्ता हाच.

बहुतेक जण थेट लढाईपासून सुरू करतात आणि तिथंच अडकतात. मी म्हणेन म्हातारपणापासून सुरू करा आणि मागं मागं जा. कारण आधी त्याची रेजिमेंट म्हणजे पलटण आणि कंपनी म्हणजे तिच्यातली तुकडी कळली पाहिजे, नाहीतर नुसत्या नावावर शोधणं म्हणजे निव्वळ डोकेफोड आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिकांचा डेटाबेस फुकट आहे पण त्यात साठ लाखांवर नोंदी आहेत आणि त्यात जॉन स्मिथ किती असतील ते तुम्हीच ठरवा. विस्कॉन्सिनची १५ वी रेजिमेंट तर जवळजवळ सगळी नॉर्वेजियन लोकांची, तिथं ओले नावाची माणसं इतकी की नुसतं नाव टाकून काही हाती लागत नाही.

रेजिमेंट कळायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे थडगं. सरकारने दिलेल्या दगडावर ढालीच्या आकारात नाव आणि खाली कंपनी, रेजिमेंट, राज्य एवढंच कोरलेलं असतं, जन्मतारीख बऱ्याचदा नसतेच. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या वेबसाइटवर काउंटी म्हणजे तिथला जिल्हा टाकून शोधलं की दगडाचा फोटो बहुधा मिळतो. दगड नसेल तर जनगणना बघा. १९१० च्या फॉर्ममधे एक खास रकाना होता, युनियन आर्मीचा, म्हणजे उत्तरेच्या फौजेतला माणूस हयात असेल तर त्यात यूए लिहायचे. १८९० ला तर माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादीच केली होती, हुद्दा, कंपनी, रेजिमेंट, भरतीची आणि सुटकेची तारीख, पोस्टाचा पत्ता, शरीराला काय झालं, सगळं एका ओळीत. पण यातली मेख अशी की ही यादी केंटकीपासून पुढच्या आद्याक्षरांच्या राज्यांचीच उरली आहे, म्हणजे मिशिगन, मिनेसोटा, मिसूरी, नेब्रास्का, ओहायो, विस्कॉन्सिनवाले नशीबवान आणि इलिनॉय, इंडियाना, आयोवा, कॅन्ससवाल्यांनी हात चोळत बसायचं. १८९० ची मुख्य जनगणना तर १९२१ च्या वॉशिंग्टनच्या आगीनंतर जवळपास सगळीच गेली, त्यामुळे १८८० ते १९०० मधे वीस वर्षांचं भगदाड पडतं.

ते भगदाड राज्यांच्या स्वतःच्या जनगणनांनी थोडंफार बुजतं. आयोवाने १८८५ आणि १८९५ ला केली, कॅन्ससने आणि मिनेसोटाने दर दहा वर्षांनी पाच आकड्यावर संपणाऱ्या सालात, विस्कॉन्सिनची १८८५ आणि १८९५ ची आहे. यातल्या काहींमधे कोण लढाईत होतं तेसुद्धा विचारलंय. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढलं की यातलं बरंच दिसतं.

रेजिमेंट मिळाली की मग लढाईकडे वळा, पण इथं जास्त रमू नका असं माझं मत आहे. राज्याच्या ॲडज्युटंट जनरलने, म्हणजे राज्याच्या फौजेचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, छापलेले रोस्टर म्हणजे शिपायांच्या नावांच्या याद्या आहेत. इलिनॉयचा तर ऑनलाइन डेटाबेसच आहे आणि त्यात उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, गाव, धंदा असं येतं, बहुतेकांचा धंदा अर्थातच फार्मर. सविस्तर सेवा नोंद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे असते, हजेरीपटांवरून कारकुनांनी नंतर उतरवलेली कार्डं, एकेका कार्डावर दोनेक महिन्यांची हजेरी. ही कार्डं महत्त्वाची एवढ्यासाठी की रेजिमेंट व्हिक्सबर्गच्या लढाईला होती म्हणून आपला माणूस तिथं होताच असं नाही, नेमका तेव्हा तो आजारी म्हणून हॉस्पिटलमधे असू शकतो. त्या युद्धात गोळीने मेले त्यापेक्षा जास्त रोगराईने मेले, साधारण दुप्पट. त्यामुळे कार्डावर गैरहजर आजारी असं दिसलं तर नवल वाटून घेऊ नका. पगार महिना १३ डॉलर, १८६४ च्या मध्याला १६ झाला. आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा, एक कंपनी म्हणजे बहुतेकदा एकाच काउंटीची पोरं, तेव्हा कंपनीचा रोस्टर छापून जवळ ठेवा. त्यातलीच नावं पुढं शेजारी, मेहुणे आणि साक्षीदार म्हणून परत येतात.

आता खरा माल. पेन्शनची फाइल. सगळं सोडा पण ही सोडू नका, कारण शिपाई आणि शेतकरी हे दोघं फक्त इथंच एका जागी भेटतात. १८६२ च्या कायद्याने युद्धात झालेल्या जखमेला किंवा आजाराला पेन्शन होतं, साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वाचे महिना ८ डॉलर. मग १८९० ला कायदा सैल झाला, ९० दिवस नोकरी, सन्मानाने सुटका आणि अंगमेहनतीचं काम होत नाही एवढं दाखवलं की बास, आजार युद्धातलाच हवा ही अट गेली, रक्कम ६ ते १२ डॉलर. १९०७ ला तर नुसत्या वयावर मिळायला लागलं, ६२ पूर्ण झाली की १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०. म्हणजे १८९० च्या आसपास प्रत्येक काउंटीतून धडाधड अर्ज गेले आणि प्रत्येक अर्जदाराला हे सिद्ध करायचं होतं की माझ्याच्याने शेतीचं काम होत नाही. आपल्याला नेमकं तेच वाचायचंय.

आधी इंडेक्स कार्ड शोधा. एक इंडेक्स नावावर आहे, दुसरा रेजिमेंट आणि कंपनीवर, आणि नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं असेल तर हा दुसराच कामाला येतो. कार्डावर अर्ज क्रमांक आणि सर्टिफिकेट क्रमांक असे दोन नंबर असतात, दोन्ही लिहून घ्या, शिवाय विधवेची वेगळी ओळ असते तीही. कधीकधी दुसऱ्या नावाने भरती झालेला माणूस असतो, ते टोपणनावही कार्डावर असतं. हे नंबर देऊन नॅशनल आर्काइव्ह्जकडून प्रत मागवायची, पैसे पडतात, वेळ लागतो, पण मागवताना पूर्ण फाइल मागवा, निवडक पानं नकोत, कारण कुठलं पान कामाचं ते आधी कुणालाच कळत नाही.

फाइल आली की वरच्या अर्जात गुंतू नका, थेट डॉक्टरांचं सर्टिफिकेट काढा. सरकारने नेमलेले डॉक्टर त्याला तपासायचे आणि छापील फॉर्मवर नाडी, श्वास, उंची, वजन भरायचे, फॉर्मवर माणसाच्या शरीराची नुसती बाह्यरेषा पुढून आणि मागून छापलेली असे, तिच्यावर जखम जिथं असेल तिथं शाईने खूण. मग अपंगत्वाचं माप अठराव्या भागात, सांधेदुखीचे सहा अठरांश, मूळव्याधीचे चार अठरांश असं. दर काही वर्षांनी परत तपासणी, म्हणजे चार-पाच सर्टिफिकेटं ओळीने लावली की एका माणसाचं शरीर कसं झिजत गेलं ते दिसतं, वजन उतरतंय, हात खांद्याच्या वर जात नाही, कानाने ऐकू येईना. लढाईचं वर्णन वाचून जे कळत नाही ते इथं कळतं.

त्याच्या खाली शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. याला मी ओळखतो, आमचं शेत लागून आहे, धडधाकट गड्याच्या निम्मंच काम याच्याच्याने होतं, नांगराच्या मागं चालवत नाही, कापणीला माणूस लावावा लागतो, असं. शेतीचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे कुठं मिळत नाही. पण डोळे उघडे ठेवा हं. हे सगळं पैसे मिळवायला लिहिलेलं आहे, शेजारी मदत करतायत, आणि वकील एकाच साच्यातलं वाक्य दहा जणांच्या तोंडी घालतो. ताडून बघायचं असेल तर १८८३ ची पेन्शनरांची छापील यादी उघडा, १ जानेवारी १८८३ ला कोणाला किती आणि कशासाठी मिळत होतं ते काउंटीवार दिलंय, आजूबाजूच्या लोकांचे दर दिसले की आपल्या माणसाचा अंदाज येतो. १८९८ च्या सुमारास पेन्शन ब्यूरोने एक प्रश्नावली पण पाठवली होती, बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठं कधी, आधीचं लग्न झालं होतं का, मुलांची नावं आणि जन्मतारखा. वंशावळवाल्यांसाठी हे एक पान म्हणजे घबाड. विधवेच्या फाइलमधे तर लग्न सिद्ध करायला घरच्या बायबलची फाडलेली पानंसुद्धा सापडतात.

आता शेताकडे. जनगणनेसोबत १८५०, ६०, ७० आणि ८० ला शेतीचं वेगळं शेड्यूल भरत असत. किती एकर लागवडीखाली, किती पडीक, घोडे, दुभत्या गायी, डुकरं, मका किती बुशेल (धान्य मोजायचं माप), गहू किती, लोणी किती पाउंड. १८७० आणि १८८० चं शेजारी ठेवा, म्हणजे गडी वर आला की खाली गेला ते डोळ्यांना दिसतं. मधे १८७३ ची मंदी आहे आणि मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्ससकडे त्याच सुमाराची टोळधाड, तेव्हा आकडे घसरले तर माणसाला आळशी ठरवू नका. लोण्याचा आकडा मात्र हमखास बघा, नाव नवऱ्याचं असलं तरी ते काम घरातल्या बायकांचं, आणि पेन्शनच्या अर्जात जो माणूस काही करू शकत नाही त्याच्या घरी ४०० पाउंड लोणी निघत असेल तर घर कोण चालवत होतं ते उघड आहे.

जमिनीसाठी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची साइट आहे, सरकारकडून थेट घेतलेल्या जमिनीच्या पेटंटचा, म्हणजे मालकीच्या सनदेचा फोटो फुकट मिळतो. त्यावरची भाषा आधी डोक्यावरून जाते पण हिशोब सोपा आहे, टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, त्याचा पाव १६० एकर. एक गैरसमज मात्र डोक्यातून काढा, सिव्हिल वॉरच्या शिपायांना लढल्याबद्दल बक्षीस म्हणून जमीन मिळाली नाही, ती पद्धत आधीच्या युद्धांची. यांना मिळाली ती सवलत, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायची, त्यात पाच वर्षं राहायची अट होती, त्यातून १८७२ पासून फौजेतला काळ वजा करता यायचा, निदान एक वर्ष तरी राहावंच लागे. होमस्टेड फाइल मिळाली तर तिच्यात मालकाची आणि दोन साक्षीदारांची जबानी असते, घर किती बाय किती, विहीर, किती एकर नांगरून लागवडीला आणले. ते साक्षीदार कंपनीच्या रोस्टरवर आहेत का बघा, पुष्कळदा असतात.

काउंटीचे इतिहास म्हणून १८८० च्या आसपास जाडजूड ग्रंथ निघाले, त्यात चरित्रं आहेत पण त्यातली बरीचशी माणसं ग्रंथाची वर्गणीदार, म्हणजे सगळेच कष्टाळू आणि सगळेच सज्जन. तारखा घ्या, कौतुक सोडा. आणि शेवटची गोष्ट, वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकेवर गावोगावची पत्रं फुकट आहेत. तिथं पूर्ण नाव टाकून शोधू नका, तेव्हा आद्याक्षरंच छापायचे, जे. एच. असं आणि आडनाव, शिवाय स्कॅनमधे अक्षरं बिघडलेली असतात म्हणून आडनावाचे दोन-तीन अवतार करून बघा. आडनावाने काही निघालं नाही तर ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकच्या, म्हणजे त्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक पोस्टचं नाव टाका आणि ३० मेच्या पुढच्या आठवड्याचे अंक चाळा, डेकोरेशन डेच्या, म्हणजे मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवसाच्या बातमीत पोस्टच्या लोकांची नावं बऱ्याचदा छापलेली असतात.