कॉम्प्युटर सुरूच होत नाही? फॉरमॅट सगळ्यात शेवटी

वळवाचे पाऊस सुरू झाले, वीज ये-जा करायला लागली की मला एकच फोन येत राहतो. काम चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला, आता चालू होईना. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे कॉम्प्युटर बघतो. पलीकडून पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "फॉरमॅट मारायचं का?" नाही मारायचं, त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. विंडोज केव्हाही परत टाकता येतं, दोन-तीन वर्षांचे हिशोब परत टाकता येत नाहीत.

आधी मशीन कुठपर्यंत येऊन थांबतं ते बघा. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, की पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, की कंपनीचं नाव दिसतं आणि पुढे अडकतं? पहिल्या दोन प्रकारांत डिस्कला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. तिथे फॉरमॅटचा विषय काढणाऱ्या माणसाला मशीन उघडूच देऊ नका.

काहीच हालचाल नसेल तर यूपीएस बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी गेलेली असते आणि बोल कॉम्प्युटरला लागतो. मागचं एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, बटण चालू आहे का बघा. मग वायर काढून चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आत अडकलेला करंट निघून जातो. लॅपटॉपलाही हेच करा, चार्जर काढून. तरीही मेलेलंच असेल तर एसएमपीएस तपासायचा. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू करायचा प्रयत्न करताना पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट मोजा. आकडा येतो पण ११.४ ते १२.६ च्या बाहेर जातो, तर एसएमपीएस बदला. त्याचं झाकण मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. आपल्याकडे नुसती धूळ नसते, सुताची तुसं असतात. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांवर ती बसतात, आणि काढायला गेलं तर पांढरा-राखाडी थर अख्खा नमद्यासारखा उचलून येतो. मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की ती उष्णता जाणार कुठे? मशीन दुपारी बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं, हे त्याचंच लक्षण. कॅबिनेट बाहेर ओट्यावर न्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. पाती मोकळी फिरू दिली तर पंखा बिघडू शकतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर ती पुसून नवी लावा.

मग रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढा. तिच्या सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक वाजेपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, खाचाही बदलून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यातच हवी. हे सगळं वायर काढून करायचं.

कंपनीचं नाव येऊन अडकतं तेव्हा कान लावा. जुन्या हार्ड डिस्कमधून टिक-टिक येत असेल तर लगेच बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी डेटा आणखी खरवडला जाऊ शकतो. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. आवाज नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मशीनची सेटिंगची स्क्रीन) जाऊन डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. तारीख-वेळ जुनीच दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. त्यासोबत सेटिंगही मूळपदावर जातात आणि साटाचा मोड बदलला की चांगलं विंडोजसुद्धा निळी स्क्रीन दाखवतं. बायोसमध्ये मोड होता तसा करा, मशीन उठतं.

आता दुरुस्तीच्या आधी डेटा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस या फुकट सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. विंडोजऐवजी चालणाऱ्या या फुकट सिस्टिम आहेत. बंद मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल निवडू नका, नुसतं चालवून बघा. तुमच्या फायली दिसतील, त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ आकडी की मागेल. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

काय उतरवायचं, इथे लोक चुकतात. होटगी रोडच्या एका कारखान्यात आधी आलेल्या माणसाने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले होते आणि फॉरमॅटची तयारी केली होती. म्हातारे दिवाणजी खुर्चीवरून उठले, "अण्णा, टॅली आली का त्यात?" मी कॉपी उघडली. टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, चिन्ह होतं, पण तो नुसता शॉर्टकट, २ केबीचा. खरे हिशोब सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेने गेल्यावर आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये होते. दिवाणजींनी विचारलं म्हणून ते वाचले. टॅलीसोबत विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही घ्या. जुनी पत्रं, लेबलं श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर फॉन्ट नसताना नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

डेटा हातात आला की निवांत दुरुस्ती करा. विंडोज सुरू होताना बटण दाबून दोन-तीनदा बंद पाडलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर, नंतर ताजं अपडेट काढणं, मग सिस्टिम रिस्टोअर, मग सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज चालवणं. डिस्कमधल्या चुका शोधणारं चेकडिस्क मात्र डेटा उतरवल्याशिवाय चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर त्याचा ताण पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात निळी स्क्रीन आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन अडकली होती. डिस्क चांगली, विंडोज चांगलं, आणि उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. त्या दिवशी ज्याने फॉरमॅट मारलं त्याने विनाकारण मारलं.

एवढं करूनही उठलं नाही तर नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीनला झेपत असेल तर ११ च टाका. जुनी डिस्क भंगारात देऊ नका. नावाची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा आणि पुढचं जीएसटी रिटर्न भरून, टॅलीतली शिल्लक जुळवून झाल्यावरच तिचं काय करायचं ते ठरवा.