डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली तर काय करावे

खानदेशात घर सहसा एका दिवसात जात नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल संपते आणि त्याबरोबर मळ्यातली खोलीही सोडावी लागते. जळगाव-धुळ्यात दोन-तीन महिन्यांचे भाडे थकले की घरमालकाचा निरोप येतो. पावसाची झड लागली की धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची भिंत आधी फुगते आणि मग बसते. छप्पर कोणत्या कारणाने चालले आहे ते आधी नीट ओळखावे, कारण कोणत्या कचेरीची पायरी चढायची हे त्यावरच ठरते.

भाड्याचे घर असेल तर तोंडी हुकमावरून ते रिकामे करू नये. शहरांत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यानुसार थकलेल्या भाड्यावरून दावा लावण्यापूर्वी मालकाला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नंतर ९० दिवस थांबावे लागते. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावणेही बेकायदा आहे. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर ते मनिऑर्डरने पाठवून पावती जपावी. लिव्ह अँड लायसन्सचा करार असल्यास मात्र संरक्षण कमी असते आणि मुदत संपल्यावर मालकाला ताबा लवकर मिळू शकतो, म्हणून दुसरी खोली मुदतीच्या आधीच शोधायला लागावे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

घर आपल्या नावावर नाही म्हणून बाहेर काढलेल्या बाईला आपला हक्कच नाही असे वाटते, आणि हा समज फार घातक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा अधिकार दिला आहे आणि न्यायालय तसा निवासाचा आदेश देऊ शकते. त्या रात्रीपुरता आसरा हवा असेल तर १८१ वर फोन करावा किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जावे. मुलांनी घराबाहेर काढलेल्या आईवडिलांनी ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाला बक्षीसपत्राने दिले असेल आणि तो सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि एकट्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

आज रात्रीच निजायला जागा नसेल तर महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन बेघर निवारा केंद्र कुठे आहे ते विचारावे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या निकषानुसार एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असावा आणि तो चोवीस तास खुला असावा. हा निकष माहीत असलेला माणूस ठामपणे विचारू शकतो. बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची दुपार थंडीच्या रात्रीइतकीच जिवावर बेतते, तेव्हा लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर दिवसाच्या आसऱ्याचा विचार आधी करावा.

कायमच्या घरासाठी ग्रामपंचायतीत जावे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२ हजार त्याहून वेगळे असतात. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासांसाठी मोदी आवास (२०२३-२४ पासून तीन वर्षांसाठी आखलेली) अशा राज्याच्या योजना आहेत. शबरीची चौकशी नंदुरबार, तळोदा, धुळे व यावल येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत करता येते. सालदाराची खरी अडचण मात्र जागेची असते. घरकुल मंजूर होते, पण पाया कुठे खणायचा? यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे आणि तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाखापर्यंत साहाय्य मिळते. घरकुलाचे पैसे काम पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्याने येतात, त्यामुळे बांधकामाच्या महिन्यांत कुठे राहायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

धाबे कोसळले असेल तर ढिगारा उपसण्याआधी फोटो काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, कारण नुकसानभरपाई त्याच कागदावर मिळते.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नये. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, भाड्याच्या पावत्या आणि या शिक्क्याच्या प्रती धाब्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या तर पहिल्याच गळतीत भिजतात. त्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधाव्यात आणि झेरॉक्सचा एक संच पक्क्या घरात राहणाऱ्या बहिणीकडे किंवा शेजाऱ्याकडे आजच देऊन यावा.