कारखान्यात वायरलेस बसवताय? या चुका टाळा

केबल नाही, ट्रे नाही, खोदाई नाही. म्हणून वायरलेस ट्रान्समीटर (मोजलेला आकडा रेडिओ लहरींनी पाठवणारं उपकरण) स्टोअरमधून थेट प्लांटवर जातो आणि सेफ्टी व पर्यावरण विभागाला त्याचा पत्ता ऑडिटच्या दिवशी लागतो. पुढचा बराच त्रास इथूनच सुरू होतो.

पहिली चूक बँडची, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याची. अमेरिकेसाठी बनवलेलं लोरा (कमी विजेत लांबवर पोहोचणारं रेडिओ तंत्र) उपकरण ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतं. आपल्याकडे त्यातला बराच भाग मोबाइल सेवेचा आहे. भारतात परवान्यातून सूट आहे ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला, २०२१ पासून ८६८ पर्यंत. ही सूटही फक्त बँड वापरण्यापुरती. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता लागतेच. युरोपचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. ऑर्डर देण्याआधी ईटीएची प्रत घ्या आणि तिच्यावरचा मॉडेल नंबर उपकरणाशी ताडून पाहा.

दुसरी चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. रेंज मिळत नाही म्हणून कुणीतरी जास्त गेनचा (सिग्नल एका दिशेला अधिक एकवटणारा) अँटेना लावतो. या बँडच्या नियमात ट्रान्समीटरला १ वॅट आणि अँटेनासह ४ वॅट ईआरपीपर्यंत (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणारी शक्ती) मुभा आहे, तेव्हा कागदावर सगळं ठीक दिसतं. पण हायड्रोजन, अ‍ॅसिटिलीन यांसारख्या ‘टू-सी’ गटातल्या वायूंच्या क्षेत्रात आयईसी ६००७९-० हे स्फोटक वातावरणातल्या उपकरणांचं आंतरराष्ट्रीय मानक सर्वसाधारण मर्यादा २ वॅट ठेवतं, आणि तीही अँटेनाचा गेन धरून. म्हणजे रेडिओच्या नियमात बसणारी जोडणी स्फोटाच्या नियमात नापास होऊ शकते. पेट्रोलियमच्या ठिकाणी पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यताही तपासावी लागते. प्रमाणपत्रात ज्या अँटेनाचा आणि बॅटरीचा उल्लेख आहे त्याच वापरा. रेंजच हवी असेल तर मध्ये मान्यताप्राप्त रिपीटर टाका.

आता चिमणी आणि ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) डेटा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना ऑनलाइन देखरेखीचे निर्देश दिले. अ‍ॅनालायझरचा आकडा लॉगरमधून (आकडे साठवून पाठवणारं यंत्र) थेट सर्व्हरवर जावा, प्लांटच्या स्काडामधून (संगणकीय नियंत्रण यंत्रणा) फिरून नव्हे, ही त्यामागची अपेक्षा. तरी सोयीसाठी मध्ये वायरलेस ४-२० मिलिअ‍ॅम्प अ‍ॅडॉप्टर घुसवला जातो (यात आकडा ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटच्या रूपात जातो) आणि दोन्ही टोकांची स्केल जुळवायचं राहून जातं. अ‍ॅनालायझर ०-२००, रिसीव्हर ०-१००: खरा आकडा ८० असताना मंडळाला ४० दिसतो. हेतू कितीही स्वच्छ असला तरी अशा आकड्याचा खुलासा करणं फार अवघड जातं. शक्य तिथे डिजिटल जोडणीच ठेवा. नाहीतर कॅलिब्रेशन गॅस सोडताना दोन्ही टोकांचे आकडे एकाच वेळी लिहून घ्या.

पोर्टलवर ‘ऑफलाइन’ दिसलं की लगेच अ‍ॅनालायझर उघडू नका. आधी सिमचं रिचार्ज आणि सिग्नल पाहा, मग मॉडेमचा अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत तर नाही ना ते, त्यानंतर लॉगरचं घड्याळ. लॉगरमध्ये आकडे साठलेले असतील तर दोष पुढच्या टप्प्यात आहे. नेटवर्क आल्यावर ते आपोआप पाठवले जातात का, हे वर्षातून एकदा मुद्दाम सिम काढून तपासा. पण मंडळाला आधी कळवून, आणि लॉगबुकात नोंद करून.

राहिली बॅटरी. लिथियमचे संपलेले सेल भंगारात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवा आणि पावती फाइलला लावा. झोन १ मध्ये (नेहमीच्या कामातही स्फोटक वायू असू शकतो अशी जागा) सेल जागेवर बदलता येतो की नाही हे प्रमाणपत्रातच लिहिलेलं असतं. तशी मुभा नसेल तर ट्रान्समीटर सुरक्षित जागी आणूनच उघडा.