बडोद्यातील कार्यालयात नव्याने रुजू होताना

बडोद्याच्या कार्यालयात रुजू होणाऱ्या मराठी माणसाने पहिल्याच दिवशी सर्वांची नावे विचारून घ्यावीत, आणि त्यांत शिपाई, सफाई कामगार व दारावरचा सुरक्षारक्षक यांचीही नावे असावीत. येथील रीतीप्रमाणे नावापुढे 'भाई' किंवा 'बेन' लावले की संबोधनाचा प्रश्न सुटतो. मात्र ते वरिष्ठांपुरते राखून शिपायाला नुसत्या नावाने हाक मारली, तर तो आदर माणसाचा नसून पदाचा आहे, हे सर्वांच्या लक्षात येते.

संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याच्या नोकरीत आले, तेव्हा पद मोठे असूनही हाताखालचे कर्मचारी विटाळ मानून त्यांच्या मेजावर लांबून फायली टाकत आणि त्यांना प्यायचे पाणीही मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. राहायलाही जागा मिळेना, तेव्हा त्यांना थोड्याच दिवसांत शहर सोडावे लागले. त्यामुळे या शहरात तरी कार्यालयीन शिष्टाचाराची सुरुवात देण्याघेण्यापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. फाईल समोरच्याच्या हातात, त्याच्याकडे पाहून आणि काम काय आहे ते एका वाक्यात सांगून द्यावी. पाण्याचे पेले व चहाचे कप सर्वांसाठी एकच असावेत. कोणासाठी वेगळा कप खिडकीत ठेवलेला दिसला, तर नव्या माणसानेही ती गोष्ट व्यवस्थापकांच्या कानावर घालावी.

दोन मराठी माणसे भेटली की मराठीत बोलणार, हे स्वाभाविक आहे. पण गुजराती सहकारी शेजारी बसलेला असताना कामाचे बोलणे मराठीत चालू ठेवू नये, कारण ते त्याच्याही कामाचे असते. आपली गुजराती कच्ची असली तरी बोलावी.

सहकाऱ्याची चूक आढळली, तर ती सर्वांना प्रत जाणाऱ्या ईमेलमध्ये किंवा कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर दाखवू नये. त्याच्या जागेवर जावे, तो फोनवर असेल तर थांबावे, आणि हळू आवाजात 'केतनभाई, आ बिलनी तारीख एक वार जोई लेशो?' (या बिलाची तारीख एकदा पाहून घ्याल का?) एवढेच विचारावे. बहुतेक वेळा तो स्वतःच चूक ओळखून दुरुस्त करतो. चूक पैशांची असेल आणि सांगूनही दुरुस्त होत नसेल, तर मात्र वरिष्ठांना लेखी कळवणे हेच कर्तव्य ठरते.

उशीर होणार असेल तर वेळेआधी कळवावे. नंतर दिलेली कारणे कोणाच्या उपयोगाची नसतात.

स्त्री सहकाऱ्यांशी बोलताना त्यांचे कपडे, रूप किंवा लग्न यांवर शेरे मारू नयेत, आणि त्या हसल्या म्हणून ते त्यांना चालते असे समजू नये. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रार सामान्यतः 3 महिन्यांच्या आत करावी लागते. समितीच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर नसतील, तर ती पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावीत.