गोल्फ शूजचे स्पाइक : मेटल की सॉफ्ट, आणि या चुका टाळा

मामांनी त्यांचे जुने गोल्फचे बूट मला दिले तेव्हा मी फक्त वरचं लेदर बघितलं, पांढरं-तपकिरी, शिवण अजून घट्ट, पॉलिश मस्त, आणि पुढच्याच रविवारी पहाटे ठाण्याहून ते घालायचे म्हणून डिकीत टाकून निघालो. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, पोचायच्या आधीच खेळाडूंना क्रमाने आत सोडणाऱ्या स्टार्टरने थांबवलं. "साहेब, जरा पाय वर करा, खाली काय लावलंय?" खाली ११ लोखंडी स्पाइक. आत सोडलं नाही, आणि बरोबरच केलं त्यांनी, पण ते बरोबर का होतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लागली, ग्रुपमध्ये कोणी नवीन बूट आणले की मी ते उलटे करून बघतो. आपण बूट घेताना साइज बघतो, रंग बघतो, वॉटरप्रूफ आहे का विचारतो, ट्रायल म्हणून दुकानात दोन चकरा मारतो, पण तळ बघत नाही, आणि घसरणं, ग्रीन (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) खराब होणं, स्पाइक न निघणं, गुडघा दुखणं ही सगळी दुखणी तळातूनच सुरू होतात.

"मेटलला ग्रिप जास्त" म्हणून मेटल लावणं

ही सगळ्यात कॉमन समजूत. ओल्या, मऊ जमिनीत मेटल स्पाइक खोल रुततो हे खरंच आहे, म्हणून काही प्रो लोकांनी तो बरीच वर्षं सोडला नाही. पण ती जमीन सोडली की तोच स्पाइक दगा देतो. कार्टचा काँक्रीटचा रस्ता, पार्किंगचा डांबरी उतार, क्लबहाऊसच्या लाद्या, कुठेही लोखंडाचं टोक टेकलं की पाय सरकतो, आणि पावसात तर जास्तच.

आता ग्रीनचं बघा. मेटल स्पाइक साधारण ६ किंवा ८ मिलिमीटरचा असतो आणि ग्रीनवरचं गवत ३ मिलिमीटरच्या आसपास कापलेलं असतं, म्हणजे स्पाइक गवताच्या पार खाली, मुळापर्यंत जातो, आणि पाय उचलताना जरा वळला की झुपका उपटून वर येतो. एका माणसाने एका ग्रीनवर समजा ४० पावलं टाकली, बुटाला ११ स्पाइक, झाले ४४० टोचे, चौघांचे १,७६०, आणि हे फक्त एका ग्रुपचं एका ग्रीनवरचं झालं, रविवारी सकाळी असे किती ग्रुप जातात ते तुम्हीच मोजा. दुपारी मागून येणाऱ्याचा पट, म्हणजे ग्रीनवर हळू मारून घरंगळवलेला बॉल, होलच्या जवळ येऊन उड्या मारतो तो यामुळेच.

आपल्याकडच्या गरम हवेत ग्रीनवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा प्रकारचं गवत असतं, आणि बर्म्युडा म्हणजे कोणी परका नाही, आपली हरळीच, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच, ग्रीनवर फक्त तिच्या बारीक पानांच्या संकरित जाती लावतात. हरळी चिवट आहे, भरून येते, पण रोज तेवढी कापलेली असताना वरून खिळे टोचत राहिलं तर तिलाही वेळ लागतो, आणि ते ग्रीन जपणारी माळी मंडळी पहाटे अंधारात कामाला लागलेली असतात, त्यांच्या कष्टाचा विचार आपण करायलाच हवा.

सॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकचे स्पाइक अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले, कारण हिवाळ्यात खेळताना ग्रीन खराब होऊ नये अशी तिथल्या लोकांची गरज होती. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण काही वर्षांतच जगभरच्या कोर्सेसनी मेटल बंद करायला सुरुवात केली. म्हणून जुने, वारशात मिळालेले किंवा सेकंडहँड बूट असतील तर कोर्सवर जायच्या आधी फोन करून विचारा, गेटवर जाऊन कळण्यात अर्थ नाही.

सॉफ्ट आहेत म्हणजे ग्रीनला काही होत नाही असं मानणं

होतं. सॉफ्ट स्पाइकला खाली असलेले प्लॅस्टिकचे बारीक पाय गवताला वरून धरतात, खोल जात नाहीत, पण पाय घासत चाललात किंवा पट हुकला म्हणून जागच्या जागी गर्रकन वळलात की गवत ओरबाडलं जातंच. ग्रीनवर पाय उचलून टाका. होलच्या अगदी कडेला उभं राहून बॉल काढू नका, जरा लांबून वाका. आणि डाग दिसला तर दुरुस्त करा, १ जानेवारी २०१९ पासून नियमच बदललाय, त्याआधी पट मारण्यापूर्वी आपल्या लाइनवरचा, म्हणजे बॉल ते होल या वाटेवरचा, स्पाइकचा ओरखडा नीट करायला परवानगी नव्हती, फक्त बॉल पडून झालेला खड्डा आणि जुन्या होलची जागा नीट करता यायची, आता बुटांचे ओरखडेही दाबून सपाट करता येतात. अजूनही जुने खेळाडू "हात लावू नको, पेनल्टी बसेल" म्हणतात, त्यांना हे प्रेमाने सांगा.

दिसायला सारखा म्हणून कुठलाही स्पाइक घेणं

यात माझे पैसे गेलेत. एका दुकानात बूट न नेता फक्त मोबाइलवरचा फोटो दाखवला, दुकानदार म्हणाला सगळे एकच असतात, १८ चं पाकीट घेऊन आलो आणि घरी एकही बसेना. स्पाइक वरून कसा दिसतो याला काहीच अर्थ नाही, तो मागून कसा अडकतो ते बघायचं. फास्ट ट्विस्ट, पिन्स, क्यू-लॉक, स्लिम-लॉक अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत, आणि जुन्या बुटांना चक्क स्क्रूचे आटे असतात, त्यातही छोटे आणि मोठे असे दोन प्रकार. फास्ट ट्विस्टचा स्पाइक पिन्सच्या सॉकेटमध्ये जोर लावून घुसवायला गेलात तर सॉकेट मरतो, आणि सॉकेट सोलमध्येच बसवलेला असल्यामुळे मग बूटच बाद.

सोपा उपाय, जुना एक स्पाइक काढा, खिशात टाका आणि दुकानात तो समोर ठेवूनच मागा. ऑनलाइन मागवणार असाल तर बुटाच्या मॉडेलच्या माहितीत पद्धतीचं नाव दिलेलं असतं ते आधी वाचा, आणि काढलेल्या स्पाइकच्या मागच्या बाजूचा फोटो जुळवून बघा.

मामांच्या बुटांसारखे आट्यांचे बूट असतील तर ते टाकून देऊ नका बरं का, छोट्या आणि मोठ्या दोन्ही आट्यांचे सॉफ्ट स्पाइक मिळतात, मेटल काढून तेच लावायचे.

झिजेपर्यंत न बदलणं, आणि एक-एक बदलणं

साधारण १५ ते २० राउंडनंतर (एक राउंड म्हणजे कोर्सवरचा एक पूर्ण खेळ) स्पाइक बदलावेत असं म्हणतात, पण आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. स्पाइकचे पाय अंगठ्याला टोचले पाहिजेत. ते गोल झाले, वाकले, किंवा मध्ये कोरलेली खूण पुसली गेली की तो फक्त प्लॅस्टिकचा बिल्ला उरतो. डांबरावरून जास्त चालणाऱ्यांचे स्पाइक दहा राउंडमध्येच जातात, म्हणून पार्किंगमध्ये चप्पल घाला आणि बूट कोर्सजवळ जाऊन बदला, आणि स्पाइक घालून गाडी तर अजिबात चालवू नका, पेडलवरून पाय सटकतो, सायन-पनवेल हायवेवर ब्रेकवरून पाय सटकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

झीज सारखी होत नाही हेही लक्षात घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय फटक्याच्या वेळी सगळं वजन घेतो आणि बाहेरच्या कडेवर पिळला जातो, उजव्या पायाची टाच उचलली जाते आणि पुढचा भाग घासतो. म्हणून बघताना या दोन जागा आधी बघा. पण बदलताना दोन्ही बुटांचे सगळे एकदम बदला, नाहीतर नवे उंच आणि जुने बुटके, पाय एका बाजूला कलतो आणि तुम्ही दोष स्विंगला देत बसता. राउंडच्या मध्ये एखादा पडलाच तर तात्पुरता एक लावायला दोन जादाचे बॅगेत ठेवा.

अडकलेला स्पाइक : घाई केली की मोडतो

आपल्या भागात हा त्रास सगळ्यात जास्त, आणि कारण चिखल. खारघरचा कोर्स डोंगराच्या पायथ्याशी आहे, पाऊस पडला की त्या उतारांवरची माती बुटाला येते, स्पाइकच्या कडेने सॉकेटमध्ये जाते आणि सुकली की सिमेंट होते. मग माणूस स्पाइक फिरवायची चावी लावतो, जोर करतो, चावीच्या दोन पिना ज्या भोकांत बसतात ती भोकं सोलवटतात आणि धरायलाच काही उरत नाही.

असं करा. सोल बुडेल इतक्या कोमट पाण्यात बूट दहा-पंधरा मिनिटं ठेवा, लेदर भिजवू नका. जुन्या टूथब्रशने कडा घासा, टाचणीने चावीची भोकं मोकळी करा. तरी हलत नसेल तर डब्ल्यूडी-४० (अडकलेले भाग सोडवणारं तेल) चे दोन थेंब, आणि थोडं थांबा, हे थांबणं महत्त्वाचं. मग बूट उलटा करून गुडघ्यात घट्ट धरा, चावी वरून अंगाच्या भाराने दाबा आणि दाबलेली ठेवूनच हळू उलटी फिरवा, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. नुसतं फिरवण्यात नाही, दाबण्यात खरी मेख आहे. भोकं आधीच गेली असतील तर लांब चोचीच्या पक्कडीने स्पाइकचे पाय दोन बाजूंनी धरून फिरवा, तेही मोडले तर बारीक ड्रिलने स्पाइकमध्ये दोन नवी भोकं पाडा, उथळच, खाली सॉकेटला लागलं तर काम बिघडलं.

सगळे स्पाइक एकदम काढून ठेवू नका. एक काढा, सॉकेट ब्रशने साफ करून कोरडा करा, नवा बसवा, मग पुढचा. फास्ट ट्विस्टसारख्या पद्धतीत थोडंसंच फिरवलं की टक्क असा आवाज येतो, तिथे थांबायचं, अजून एक पीळ मारला की आतले दात जातात. आणि सैल स्पाइकला फेविक्विक लावू नका, आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी लावलं, स्पाइक पडला नाही हे खरं, पण परत कधी निघालाही नाही, तो बूट तसाच गेला.

मॅटवर सॉफ्ट स्पाइक

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या जागी, लोक पूर्ण तयारीत जातात, स्पाइक घालून. तिथली कृत्रिम गवताची मॅट स्पाइकच्या प्लॅस्टिकच्या पायांना इतकं घट्ट पकडते की शरीर वळतं आणि पाय वळत नाही, आणि तो पीळ गुडघ्यात जातो. शंभर-दीडशे बॉल मारल्यावर पुढच्या पायाचा गुडघा आतून दुखत असेल तर आधी हे बघा. रेंजवर साधे स्पोर्ट्स शूज किंवा स्पाइकलेस, म्हणजे वेगळे स्पाइक न लावलेले गोल्फचे बूट, बरे. २०१० च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत गोल्फपटू फ्रेड कपल्स स्पाइकलेस बूट घालून खेळले आणि मग तो प्रकार सगळीकडे पसरला, ऑक्टोबर ते मे आपल्याकडच्या कोरड्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनच्या मधलं कापलेलं गवत) तो चालतो, माझा तोच रोजचा बूट आहे. पण जुलैत ओल्या उतारावर उभं राहून बॉल मारायचा असेल तर तिथे स्पाइकच लागतात, आणि तेही नवे, त्या दिवसांसाठी मी वेगळा जोड ठेवतो.

ओले बूट डिकीत

खेळून दमलो, बूट पिशवीत, पिशवी डिकीत, आणि पुढच्या रविवारी उघडलं तर बुरशी. घरी आल्याआल्या ओला असतानाच चिखल काढा, आतलं सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नको, सोलचा गोंद सुटतो.

आणि न वापरता जपून ठेवलेले बूट जास्त चांगले राहतात असं अजिबात नाही. सोलच्या आतला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत आपोआप कुजतो, कपाटात बंद असला तरी, चार-पाच वर्षांनी बाहेर काढून चाललात की खपल्या पडतात. मामांचे बूट वाचले कारण त्यांचं सोल लेदरचं आहे. दोन्ही बुटांचे मिळून २२ च्या २२ स्पाइक काढायला मला दोन संध्याकाळ लागल्या, चार तर गंजून आट्यांतच बसले होते, आता त्यात छोट्या आट्यांचे सॉफ्ट लावलेत. गेल्या महिन्यात मामा स्वतः आले होते, त्यांनी बूट हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा करून बघितला.