मोटारीचे वजन कमी करायचे, तर कोणता पत्रा बदलावा आणि कोणता राहू द्यावा

मोटार हलकी करायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो आणि चूक तिथेच होते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसी, म्हणजे बॉडी ज्यावर बसवतात तो खालचा लोखंडी सांगाडा, नसते. छत, खांब, तळाचा पत्रा, मागचे मडगार्ड आणि दरवाज्याखालची पट्टी हे सारे स्पॉट वेल्डिंगने एकजीव होऊन अपघाताचा मार झेलणारा एकच सांगाडा तयार झालेला असतो. म्हणून जे पान्याने सुटते तेवढेच बदलावे आणि जे वेल्डिंगने जोडलेले आहे त्याला हात लावू नये. बोनेट, डिकीचे झाकण आणि बहुतेक गाड्यांत पुढची दोन मडगार्ड पान्याने सुटतात. दरवाजाही सुटतो, पण त्याच्या आत बाजूच्या धडकेसाठी बसवलेला आडवा पाइप असल्यास दरवाजा मूळचाच ठेवावा.

काम सुरू करण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे पुढे दिलेली पद्धत रस्त्यावर न चालणाऱ्या, म्हणजे स्वतःच्या वावरात किंवा बंद मैदानात सरावासाठी ठेवलेल्या जुन्या गाडीपुरतीच समजावी.

वजन कमी करण्याची पहिली संधी नवीन साहित्यात नसून जुन्या पुट्टीत असते. आपल्याकडच्या जुन्या गाड्या दोन-तीनदा डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या असतात आणि प्रत्येक वेळी पोक ठोकून काढण्याऐवजी त्यावर पुट्टीचा थर चढवलेला असतो. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते सैल पडते तिथे खाली जाड पुट्टी आहे असे समजावे. ती खरवडून पत्रा आतून ठोकून सरळ करावा. यात पैसा कमी आणि मेहनत जास्त लागते, तरीही सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

वजन मोजण्यासाठी जिनिंगच्या मोठ्या वजनकाट्यावर अवलंबून राहू नये. तो ट्रक तोलण्यासाठी असतो, त्यावर बोनेटचा फरक नीट कळत नाही. सोयाबीनचे पोते तोलण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सुटा केलेला प्रत्येक भाग ठेवून आकडा लिहून घ्यावा.

आता साहित्याचा हिशोब पाहू. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे एका चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो वजन भरते. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असले तरी त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असल्यामुळे तेवढाच ताठपणा हवा असेल तर एक मिलिमीटरचा पत्रा घ्यावा लागतो, म्हणजे वजन २.७ किलो होते. शिवाय ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकते तिथे ओलाव्यात गंज धरतो, म्हणून मध्ये रबराची चकती द्यावी. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, दोन थर रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून केलेले फायबर साधारण तीन किलोपर्यंत जाते, आणि जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, व आतल्या पट्ट्या धरल्यास चारच्या आसपास. फायबर लावले की वजन निम्म्याहून कमी होते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. गावात हाताने करता येते म्हणून मी फायबर निवडतो.

मूळ बोनेटवर मेण घासून त्याचा साचा घ्यावा. साच्यात पुन्हा मेण, मग जेलकोट आणि तो बोटाला चिकटेनासा झाला की मॅट व रेझिन, असा क्रम ठेवावा. मॅटच्या वजनाच्या सुमारे दुप्पट रेझिन पुरते. जास्त ओतलेले रेझिन मजबुती न देता फक्त वजन वाढवते, म्हणून रोलर दाबून फिरवत हवेचे बुडबुडे आणि जादा रेझिन बाहेर काढावे. रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि ते घट्ट करणारा हार्डनर नंतर घालावा. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, कारण त्याने स्फोट होऊ शकतो. विदर्भातला उन्हाळा या कामाचा वैरी आहे. एका मे महिन्यात मी भरदुपारी नेहमीइतकाच हार्डनर घातला आणि मॅटवर पहिला हात फिरायच्या आत बादलीतले रेझिन धूर सोडत दगडासारखे घट्ट झाले. तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम पहाटे, एक टक्का हार्डनर घेऊन आणि एका वेळी अर्धा किलोच रेझिन कालवून करतो. मास्क आणि हातमोजे घालावेत आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सर्वांत जास्त काळजी कुलूप आणि बिजागरीची घ्यावी. नुसत्या फायबरला पाडलेल्या भोकातून बोल्ट हळूहळू ओढला जातो आणि वेगात बोनेट उघडून काचेवर आदळू शकते. म्हणून त्या जागी दोन थरांच्या मध्ये लोखंडी पट्टी दाबून घ्यावी, भोक तिच्यातून पाडावे आणि मूळ कुलपाशिवाय दोन्ही कोपऱ्यांना वेगळ्या पिना लावाव्यात. बोनेट बसवल्यावर पहिले काही दिवस प्रत्येक फेरीनंतर बिजागरीभोवतीचा भाग आतून उजेडात पाहावा. केसासारखी पांढरी रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवून त्या जागी आणखी एक थर द्यावा.