बेलिफची नोकरी: दारापाशी गेल्यावर काय करायचं

तालुका कोर्टात बेलिफ म्हणून लागलो तेव्हा गावातली पोरं 'शेरीफ' म्हणून चिडवायची. अमेरिकेत शेरीफची माणसं कमरेला पिस्तूल लावून कोर्टाची राखण करतात आणि कोर्टाचे हुकूमही बजावतात. आपल्याकडे बंदोबस्त पोलिसांचा, हुकूम दारापर्यंत नेणं बेलिफाचं. मुंबईला शेरीफ आहे, पण ते मानाचं पद. उच्च न्यायालयाची समन्सं-वॉरंटं त्याच्या कार्यालयातली माणसं बजावतात. माझ्याकडे पिस्तूल नाही, कागदांची पिशवी आणि खळीची डबी.

आधी शेरा, म्हणजे समन्स कसं बजावलं ते, लिहायला शिका. माझं पहिलंच डकवलेलं समन्स फेटाळलं गेलं. मी लिहिलं होतं, 'घेण्यास नकार, दारावर डकवले.' साहेबांनी विचारलं, घर कुणी दाखवलं? शेजारच्या आजींनी, पण कागदावर त्यांचं नावगाव नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १७ ला नेमकं तेच लागतं: घर कुणी ओळखून दिलं, डकवलं कुणासमोर. बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरांनी दुसऱ्या दिवशी नव्या समन्सासकट त्याच एसटीत बसवलं. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटायची आशाही नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं, बाई असो वा पुरुष. गड्याच्या हाती देऊन निघू नका. नोकर कुटुंबात धरत नाहीत.

जप्तीत खरा कस लागतो. एका शिंप्याच्या घरी जप्ती वॉरंट घेऊन गेलो. दरखास्तदार, म्हणजे ज्याच्या वसुलीसाठी जप्ती होती तो, टेम्पोच घेऊन आलेला, त्याचं बोट थेट शिलाई मशीनकडे. म्हणे, "हेच उचला साहेब, बाकी काय आहे इथं?" त्याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे यांना हात लावता येत नाही. बाईच्या मंगळसूत्रालाही नाही. हे त्याला समजावताना पाऊण तास गेला. पंच उठायला लागले, आणि मला उन्हाची काळजी. सूर्य मावळल्यावर राहत्या घरात शिरता येत नाही.

शेवटी टीव्ही आणि एक लोखंडी कपाट निघालं. पंचनाम्यात मी मशीनही लिहिलं: 'शिलाई मशीन एक, चालू, जप्त केले नाही.' शिंप्याने बोटातलं अंगुस्तान न काढताच सही केली. टेम्पोच्या भाड्यावरून दरखास्तदार माझ्याशी महिनाभर बोलला नाही.